पिवळ्या झग्यातली बाई: ‘द लव्ह पोशन’ या चित्राच्या वाचनाचं एक प्रकरण

इंग्लंडमध्ये कलेतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका मराठी विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं हे प्रकरण आहे. तिची, तिच्या विद्यापीठाची आणि मार्गदर्शकांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. माझं काम मसुदे वाचून प्रश्न विचारण्याचं होतं, निर्णय तिचे होते. चित्रातल्या एकेका वस्तूला अर्थ चिकटवत जायची सवय आपल्याकडेही पक्की आहे, आणि ती सोडवताना काय काय करावं लागतं ते यात चांगलं दिसतं, म्हणून तिच्या परवानगीनं लिहिते आहे.

पार्श्वभूमी

चित्रकार एव्हलिन द मॉर्गन, माहेरची पिकरिंग. जन्म 1855 चा, लंडनच्या सुखवस्तू घरातला. मुलीनं चित्रकार व्हावं हे घरच्यांना पसंत नव्हतं. तरीही 1873 मध्ये ती स्लेड स्कूलमध्ये दाखल झाली. ही कलाशाळा सुरू होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि तिथे मुलींना मुलांच्या बरोबरीनं शिकता येत होतं. मामा जॉन रॉडम स्पेन्सर स्टॅनहोप स्वतः चित्रकार होते आणि फ्लॉरेन्सला राहत, त्यामुळे बोत्तिचेल्लीची चित्रं तिला जवळून पाहता आली. ‘मेरी एव्हलिन’ या नावातलं ‘मेरी’ तिनं गाळलं. एव्हलिन हे नाव त्या काळी पुरुषांचंही असे, म्हणजे नुसत्या सहीवरून चित्र बाईचं आहे हे कळायचं नाही.

1887 मध्ये तिनं विल्यम द मॉर्गनशी लग्न केलं. हा चमकत्या झिलईच्या फरशा आणि भांडी घडवणारा कुंभकलाकार. त्याचे वडील ऑगस्टस द मॉर्गन, म्हणजे आपल्याकडे बारावीच्या तर्कशास्त्रात ज्यांचे नियम पाठ करावे लागतात तेच, आणि त्यांचा जन्म मदुराईचा. सासू सोफिया परलोकविद्येवर, म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलता येतं यावर, गाढ विश्वास असणाऱ्या. 1863 मध्ये त्यांनी जडाकडून आत्म्याकडे जाण्याच्या मार्गावर एक पुस्तकच लिहिलं होतं. एव्हलिन आणि विल्यम दोघंही आपोआप होणाऱ्या लेखनाचे, म्हणजे आत्मे आपल्या हातून लिहवून घेतात असं मानून लिहिण्याचे, प्रयोग करत, आणि 1909 मध्ये त्यातलं निवडक लिखाण त्यांनी नाव न देता छापलं. 1889 मध्ये बायकांच्या मताधिकाराच्या बाजूनं निघालेल्या जाहीरनाम्यावर एव्हलिनची सही आहे.

एवढं चरित्र या प्रकरणाला पुरे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. आपल्या चित्रांचा अर्थ काय, याबद्दल एव्हलिननं जवळजवळ काही लिहून ठेवलेलं नाही.

चित्र

‘द लव्ह पोशन’, म्हणजे प्रेमात पाडणारा काढा. साल 1903. एक बाई खोलीत बसली आहे, चेहरा एका बाजूनं दिसतो. अंगात सोनेरी पिवळा झगा, त्याच्या चुण्या इतक्या बारकाईनं रंगवल्या आहेत की कापडाचं वजन जाणवतं. ती एका पात्रात काहीतरी ओतते आहे. पायाशी काळं मांजर. मागे जाडजूड ग्रंथांची फळी, आणि त्यांच्या पाठींवर नावं वाचता येतात: त्यात पॅरासेल्सस आहे, अग्रिप्पा आहे. खिडकीबाहेर मध्ययुगीन वेशातलं एक जोडपं मिठीत.

मला या चित्रात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तिची नजर. बाहेर प्रेमाचा प्रसंग चालू आहे आणि ही बाई तिकडे पाहतच नाही. तिचं लक्ष हातातल्या कामावर आहे. औषध मोजून देणाऱ्या माणसाचं असतं तसं.

अडचण

विद्यार्थिनीच्या पहिल्या मसुद्यात चित्राचा निकाल दोन पानांत लागला होता. काळं मांजर म्हणजे चेटूक. पिवळा रंग म्हणजे मत्सर. बाटली म्हणजे विष. खिडकीतलं जोडपं म्हणजे जिच्यावरून मत्सर पेटला ती गोष्ट. बेरीज केली की उत्तर तयार: प्रेमात नाकारली गेलेली चेटकीण त्या दोघांचा घात करायला बसली आहे.

“मॅडम, मांजर काळं, झगा पिवळा, खिडकीत जोडपं,” ती फोनवर म्हणाली. “अजून काय पाहिजे?”

यातलं एकही विधान सरळसरळ खोटं नव्हतं, आणि खरी अडचण तीच. पाश्चात्त्य चित्रपरंपरेत काळं मांजर चेटकिणीबरोबर येतं, पिवळा मत्सराशी जोडला जातो. पण हे अर्थ प्रतीकांच्या कोशातून आले होते, चित्रातून नाही. कोशात पिवळ्याखाली प्रकाश आणि ज्ञान हेही अर्थ सापडतात. त्यातला मत्सरच का उचलला, याचं कारण मसुद्यात कुठेच नव्हतं. उत्तर आधी ठरलं होतं आणि चिन्हं त्याच्या मागे रांगेत उभी केली होती. ग्रंथांची फळी तर मसुद्यात ‘जादूटोण्याची पुस्तकं’ एवढ्यावर संपली होती.

समोर असलेले पर्याय

पहिला, आहे तेच वाचन ठेवायचं आणि त्याला संदर्भांची जोड द्यायची. वेळ कमी होता, त्यामुळे याचा मोह मोठा होता.

दुसरा तिनं स्वतःच सुचवला: सगळं उलटं करायचं. ही चेटकीण नाहीच, ही ज्ञानी बाई, वैज्ञानिक. चित्रकार स्वतः मताधिकाराच्या बाजूची, म्हणजे बाईच्या विद्वत्तेचा हा गौरव. हे वाचन मला मनापासून आवडतं. तरीही मी थांबवलं, कारण पद्धत तीच राहत होती. आधी चेटकीण ठरवली होती, आता विदुषी ठरवली. मांजर आणि बाटली पुन्हा ठरल्या निकालाच्या चाकरीला. शिवाय 1889 ची सही 1903 च्या चित्रात काय रंगवलंय हे आपोआप सांगत नाही.

तिसरा पर्याय अभ्यासकांनी मांडलेला आहे आणि वजनदार आहे. किमयेच्या, म्हणजे हलक्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येत पदार्थाच्या शुद्धीचे टप्पे रंगांनी सांगतात: काळा, पांढरा, पिवळा, तांबडा. काळं मांजर खाली जमिनीवर, म्हणजे जड, अशुद्ध अवस्था. पिवळ्या झग्यातली बाई वर, म्हणजे उजळत गेलेली. परलोकविद्या मानणाऱ्या घरात आत्म्याचा असा प्रवास रंगवला जाणं अगदी जुळतं. या वाचनात ग्रंथांनाही जागा मिळते, कारण पॅरासेल्सस आणि अग्रिप्पा ही त्याच परंपरेतली नावं.

चौथा पर्याय सगळ्यात कष्टाचा होता. कोश बाजूला ठेवायचा आणि एव्हलिनच्या इतर चित्रांमध्ये हीच चिन्हं कशी वागतात ते पाहायचं. बाटली आणखी कोणाच्या हातात आहे? खिडकी कुठे आहे? सोनं कुठे आहे?

पहिला निर्णय: बाटलीचा माग

तिनं चौथा पर्याय घेतला, तिसरा हाताशी ठेवून. सुरुवात बाटलीपासून केली, कारण ती मोजकीच सापडणार होती.

1889 च्या ‘मीडिया’त ग्रीक कथेतली मीडिया संगमरवरी दालनातून चालत येते, हातात कुपी. जेसननं तिला टाकून दुसरं लग्न ठरवलेलं, आणि ती त्या नवऱ्या मुलीचा जीव घेणार हे पाहणाऱ्याला ठाऊक असतं. फरशीवर गुलाब विखुरलेत, कबुतरं आहेत. चित्र प्रदर्शनात मांडलं तेव्हा त्यासोबत कवी विल्यम मॉरिसच्या जेसनवरच्या काव्यातल्या ओळी दिल्या होत्या. त्यांचा आशय असा की सुखाचे दिवस ओसरत गेले आणि त्या सुखातून ढळता ढळता ती पुन्हा मांत्रिकीण झाली. म्हणजे एव्हलिनच्या मीडियात चेटूक हा स्वभाव नाही, सुख हिरावल्यावर उरलेलं हत्यार आहे.

दुसरी कुपी एव्हलिनच्याच आणखी एका चित्रात, राणी एलिनॉरच्या हातात. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री, त्याची प्रेयसी रोझमंड, तिला लपवण्यासाठी बांधलेला चक्रव्यूह, आणि धाग्याच्या मागानं तिथवर विष घेऊन पोचलेली राणी, अशी ही दंतकथा. एलिनॉरबरोबर काळ्या आकृतींचा लोंढा आत शिरतो, रोझमंडच्या बाजूला प्रेमाचे चिमुकले देवदूत आणि गुलाब. मागे रंगीत काचेच्या खिडकीत प्रेमी जोडपं. इथे कोणाच्या मनात काय आहे याची शंकाच राहू नये इतकी चिन्हं उघड बोलतात.

मग तिसरी कुपी, आपली. इथे विद्यार्थिनीच्या हाती जे लागलं ते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण, आणि ते पूर्ण तिचं आहे. तिनं तिन्ही चित्रं शेजारी ठेवून दोन याद्या केल्या: काय आहे, आणि काय नाही. तिसऱ्या चित्रात विखुरलेले गुलाब नाहीत. काळ्या आकृती नाहीत. घाबरलेलं, माघार घेणारं कोणी नाही. विष म्हणजे काय आणि ते घरात शिरतं तेव्हा भोवताली काय होतं, हे दाखवायची भाषा एव्हलिनकडे तयार होती. ‘द लव्ह पोशन’मध्ये तिनं ती वापरली नाही. त्या जागी तिनं पुस्तकं ठेवली.

इथे पहिला मसुदा मोडला. मोडला तो मतभेदामुळे नाही, चित्रकारानं जाणूनबुजून सोडलेल्या गोष्टींमुळे.

दुसरा निर्णय: पुस्तकांच्या पाठी वाचायच्या की नाही

रंगवलेल्या पुस्तकाच्या पाठीवरचं नाव सजावट असू शकतं. पण एव्हलिन नाव वाचता येईल असं रंगवते, तेव्हा ते वाचणं हे पाहणाऱ्याचं काम ठरतं. विद्यार्थिनीनं दोन्ही नावांच्या मागे जायचं ठरवलं.

हाइनरिख कॉर्नेलिउस अग्रिप्पा हा सोळाव्या शतकातला, गूढविद्येवरच्या मोठ्या ग्रंथासाठी प्रसिद्ध. पण त्याच माणसानं स्त्रिया पुरुषांपेक्षा श्रेष्ठ असल्याचं प्रतिपादन करणारं भाषण लिहिलं आणि 1529 मध्ये ते छापलं. त्याआधी 1519 मध्ये मेट्स शहरात चेटकीण ठरवलेल्या एका खेडवळ बाईचं वकीलपत्र घेऊन त्यानं तिला सोडवलं होतं. तिची आई चेटकीण म्हणून जाळली गेली होती, आणि मुलीविरुद्ध तोच पुरावा धरला जात होता. आता हा माणूस त्या फळीवर बसला आहे, ज्या खोलीतल्या बाईला पाहणारा पहिल्या नजरेत चेटकीण म्हणणार आहे. हे कळलं त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा तिला वाक्य पुरं करता येत नव्हतं.

पॅरासेल्सस हा वैद्य. पदार्थ विष ठरतो की औषध, हे केवळ मात्रा ठरवते, असं त्यानं 1538 मध्ये मांडलं. काळजीपूर्वक ओतणारा हात आणि पात्रावर खिळलेली नजर यांच्या मागे हे नाव असणं फार अर्थपूर्ण आहे.

इथे एक लगाम लागला तो बरा झाला. अग्रिप्पाचा मेट्समधला खटला एव्हलिनला माहीत होता, असं म्हणायला तिच्याकडे पुरावा नव्हता. चित्रात नाव आहे, एवढंच सिद्ध. म्हणून मसुद्यात हे ‘चित्रकाराचा हेतू’ म्हणून आलं नाही. या नावाबरोबर पाहणाऱ्यापर्यंत काय काय येऊ शकतं, अशा मथळ्याखाली आलं. प्रबंध त्यामुळे दुबळा झाला नाही, उलट तपासणाऱ्याला बोट ठेवायला जागा उरली नाही.

तिसरा निर्णय: सोनं आडवं आलं

आता सगळं किमयेच्या वाचनाकडे झुकत होतं. पिवळा म्हणजे उजळलेला आत्मा, असं लिहून प्रकरण बंद करता आलं असतं. पण चौथ्या पर्यायाची अट अशी की जे चिन्ह तपासायचं ते सगळीकडे तपासायचं.

1897 च्या ‘अर्थबाउंड’मध्ये म्हातारा राजा सोन्याच्या नाण्यांच्या ढिगावर ओणवा झालाय आणि मृत्यू जवळ येतोय. 1909 च्या ‘द वर्शिप ऑफ मॅमन’मध्ये एक बाई संपत्तीच्या देवाच्या पुतळ्याच्या गुडघ्याला बिलगली आहे. ‘द गिल्डेड केज’ तर जवळजवळ बहीण शोभावी असं चित्र: खोली, खिडकी, सोनेरी झग्यातली तरुण बायको. पिंजऱ्यात पक्षी, जमिनीवर टाकलेले दागिने, बसलेला वयस्कर नवरा, आणि बाहेर नाचत जाणारी मोकळी माणसं. तिथे सोनं म्हणजे कैद. झगा तसाच, खिडकी तशीच, अर्थ उलटा.

विद्यार्थिनी दोन दिवस गप्प होती. मग विचारलं, “हे गाळलं तर चालेल का? शब्दमर्यादाही आहे.” चाललं असतं. बहुतेकांच्या लक्षातही आलं नसतं. पण विरोधी पुरावा सापडल्यावर तो ठेवायचा की झाकायचा, यावर तिचं पुढचं सगळं काम अवलंबून असेल असं मला वाटलं, आणि तसं मी तिला सांगितलं. तिनं तो ठेवला, आणि आणखी एक गोष्ट शोधून आणली: एव्हलिन गडद कागदावर खऱ्या सोन्याच्या रंगद्रव्यानं रेखाटनं करत असे. तिथे सोनं हेच उजेड. म्हणजे या चित्रकाराच्या हाती सोन्याला एक ठरलेला अर्थ नव्हता. नाण्यांत आणि दागिन्यांत ते माणसाला जमिनीशी बांधतं, रेषेत उतरलं की अंधारातून आकार बाहेर काढतं.

मग झग्याचं काय? दोन चित्रं शेजारी ठेवली की फरक नजरेत आहे. ‘गिल्डेड केज’मधली बाई खिडकीकडे वळलेली, हात बाहेरच्या जगाकडे उचललेला, पुस्तक जमिनीवर. ‘लव्ह पोशन’मधली बाई खिडकीला पाठमोऱ्या मनानं बसलेली, पुस्तकं हाताच्या अंतरावर, जागच्या जागी. पहिलीला जे हवं ते बाहेर आहे. दुसरीचं काम आत आहे.

हा फरक झग्याच्या रंगातून कधीच निघाला नसता. आणि तरीही काढा कोणासाठी, हे चित्र सांगत नाही. त्या जोडप्याला जोडण्यासाठी? तोडण्यासाठी? त्यातल्या एकाला स्वतःकडे ओढण्यासाठी? कुपीतलं द्रव्य पात्रात पडतंय, प्यायलेलं कोणी नाही.

निष्पन्न

अंतिम प्रबंधात दावा आक्रसला आणि पक्का झाला. तो साधारण असा: एव्हलिननं कुपी धरलेल्या बाईचं चित्र पुन्हापुन्हा घेतलं. मीडियात आणि एलिनॉरमध्ये तिनं घात उघड करणारी चिन्हं दिली, ‘द लव्ह पोशन’मध्ये ती काढून घेतली आणि त्या जागी विद्या ठेवली. त्यामुळे चेटकिणीची ओळखीची चौकट पाहणाऱ्याच्या हाती येते, पण त्या चौकटीत शिक्षा करण्याजोगं काही सापडत नाही. किमयेचं वाचन दुसऱ्या प्रकरणात आलं, त्याला छेद देणाऱ्या सोन्याच्या चित्रांसकट.

परीक्षकांना सोन्यावरचा भाग सगळ्यात आवडला. एका परीक्षकानं मात्र म्हटलं की मांजराला न्याय मिळालेला नाही, ते पहिल्या मसुद्यात होतं तसंच चेटकीणपणाची खूण म्हणून राहिलं आहे. ही हरकत रास्त होती. झग्याला, बाटलीला, खिडकीला जी तपासणी लागली ती मांजराला लागली नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तुलना आधी आणि वाचन नंतर, असा क्रम हवा होता. तिनं एक चित्र घेऊन त्याचा अर्थ लावला आणि मग इतर चित्रं साक्षीला बोलावली. एव्हलिनसारख्या चित्रकाराच्या बाबतीत उलटं सोयीचं पडतं, कारण तिची चिन्हं एकमेकांशी बोलतात: खिडकी, साखळी, पिंजरा, काचेतून गळणारी वाळू, पंख. 1907-08 च्या ‘द प्रिझनर’मध्ये मनगटांवरची कांकणं साखळीनं जोडलेली आहेत. असं एखादं चित्र आधी नीट पाहिलं असतं, तर सोन्याचा धक्का शेवटी बसला नसता.

तुलनेलाही एक मर्यादा आहे, ती प्रस्तावनेतच लिहायला हवी होती. 1991 मध्ये गोदामाला लागलेल्या आगीत एव्हलिनची 16 चित्रं जळाली. म्हणजे ‘ही खूण तिच्या चित्रांत अशी येते’ हे वाक्य कायम उरलेल्या चित्रांपुरतंच खरं.

परलोकविद्येचा वापरही अधिक जपून करता आला असता. 1909 चं निनावी पुस्तक हाती लागलं की प्रत्येक उजेड आत्मा आणि प्रत्येक अंधार जड असं वाचायची घाई होते, आणि मधल्या एका मसुद्यात तसं झालंही. कोश बदलला होता, सवय तीच होती. त्या पुस्तकातला मजकूर चित्रातल्या एखाद्या विशिष्ट गोष्टीशी जुळत असेल तेवढाच घ्यावा, बाकी सोडावा.

आता ती एव्हलिनच्या युद्धकाळातल्या चित्रांवर काम करायचं म्हणते आहे. 1916 मध्ये एव्हलिननं स्वतःच्या स्टुडिओत ती चित्रं मांडून रेडक्रॉससाठी निधी जमवला होता. पाहणारे लोक रोज मृतांच्या याद्या वाचणारे, त्यामुळे तिथे चिन्हं फार कोड्यात ठेवून भागणार नव्हतं. या वेळी तिनं तक्ता आधीच आखला आहे. चित्राचं नाव, काय आहे, काय नाही, हेच चिन्ह दुसरीकडे कुठे, आणि शेवटचा रकाना आपल्या म्हणण्याविरुद्ध काय जातं याचा. पहिल्या ओळीत ‘द लव्ह पोशन’चं मांजर आहे, आणि त्याच्यापुढचे रकाने अजून भरायचे आहेत.